बटन मशरूमचं कंपोस्ट: आतले सूक्ष्मजीव सांभाळा, बाकीचं सोपं जातं

तयार कंपोस्टची एक मूठ घ्या, उजेडात न्या आणि काडी काडी वेगळी करून नीट बघा. काडी गडद चॉकलेटी झालेली असते, जरा ओढली की तुटते, हाताला चिकटत नाही, आणि तिच्यावर कुणी राख भुरभुरल्यासारखे पांढरट-करडे ठिपके असतात. नवीन माणूस नेमका हे ठिपके बघून घाबरतो, बुरशी लागली म्हणतो आणि आख्खा माल फेकायला निघतो. पण हे ठिपके म्हणजे तुमच्या कंपोस्टला मिळालेलं पासाचं सर्टिफिकेट आहे, कारण बटन मशरूमच्या आधी तिथे ज्यांनी राबायला हवं होतं ते राबून गेले हे तेच सांगतात.

हे आधी डोक्यात पक्कं बसवून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळत जाईल. धिंगरी मशरूम ताज्या काडावर सुद्धा वाढते, बटन मशरूम तसं वाढत नाही. त्याला दुसऱ्यांनी अर्धवट पचवून ठेवलेलं अन्न लागतं. ताज्या काडात आणि खतात साध्या साखरा असतात, अमोनिया असतो, आणि त्यावर हिरवी बुरशी, काळी छत्री असले आगंतुक बटनपेक्षा कितीतरी वेगाने पसरतात. जिवाणू, ॲक्टिनोमायसिट्स (बुरशीसारखे धागे करणारे जिवाणूच) आणि उष्णता आवडणाऱ्या बुरश्या या साखरा आधी खाऊन संपवतात, अमोनिया पकडून स्वतःच्या अंगात प्रोटीन करून ठेवतात, आणि शेवटी उरतं काय तर लिग्निन, ह्युमस, सेल्युलोज आणि या सगळ्यांची मेलेली-जिवंत शरीरं. हे जेवण बटनला चालतं, बाकीच्यांना फारसं चालत नाही. बटनचं मायसेलियम, म्हणजे त्याचे पांढरे धागे, मेलेले जिवाणू विरघळवून त्यातून नायट्रोजन आणि कार्बन घेतं हे १९८१ मध्येच प्रयोगातून दाखवलं गेलंय, म्हणजे जिवाणू नुसते स्वयंपाकी नाहीत, तेच ताटात पण आहेत.

भिजवणं आणि नायट्रोजनचा हिशोब

गव्हाचं काड, कोंबडीखत, थोडा कोंडा, जिप्सम, एवढ्यावर काम होतं. काड एक-दोन दिवस पाणी मारून मारून, उलटंपालटं करून भिजवायचं, त्यावर मेणासारखा थर असतो त्यामुळे पहिल्या पाण्यात ते ओलं झाल्यासारखं दिसतं पण आतून कोरडंच असतं. सुरुवातीला ओलावा ७२ ते ७५ टक्के हवा. मूठ घट्ट दाबली की बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब निघाले पाहिजेत, धार लागली तर जास्त झालं. खाली वाहून आलेलं तपकिरी पाणी गटारात सोडू नका, त्यात जिवाणू खच्चून भरलेले असतात आणि ते परत काडावर मारलं की विरजणाचं काम करतं, फक्त ते पाणी टाकीत हवा न लागता कुजू देऊ नका, सडक्या अंड्याचा वास यायला लागला की ते उपयोगाचं राहत नाही.

नायट्रोजनचं मात्र अंदाजपंचे करू नका. सुरुवातीला कोरड्या वजनावर १.५ ते १.७ टक्के नायट्रोजन आणि कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २५ ते ३० च्या घरात हवं. समजा १००० किलो काड आहे, त्यात कोरडा भाग ९०० किलो, नायट्रोजन ०.५ टक्के धरला तर ४.५ किलो. कोंबडीखत ५०० किलो, कोरडा भाग ३५० किलो, नायट्रोजन ३ टक्के धरला तर १०.५ किलो. कोंडा ७० किलो, कोरडा भाग ६३ किलो, त्याचा नायट्रोजन साधारण १.५ किलो. जिप्सम ३० किलो, त्यात नायट्रोजन शून्य पण वजन धरायचं. झाले एकूण १६.५ किलो नायट्रोजन आणि सुमारे १३४३ किलो कोरडा माल, म्हणजे १.२ टक्के, कमी पडतोय. ८ किलो युरिया घातला की साधारण ३.७ किलो नायट्रोजन वाढतो आणि आपण १.५ ला पोचतो. कोंबडीखताचा नायट्रोजन प्रत्येक लॉटला बदलतो, त्यामुळे जमत असेल तर लॅबमधून तपासून घ्या आणि याच पद्धतीने स्वतःचे आकडे बसवा. नायट्रोजन कमी पडला तर जिवाणूंची संख्याच वाढत नाही, ढीग तापत नाही. जास्त झाला तर ते सगळा पचवू शकत नाहीत आणि अमोनिया शेवटपर्यंत हटत नाही. युरिया आणि ताकदवान खत सुरुवातीलाच जाऊ द्या, शेवटच्या पलट्यांना घालायचा मोह टाळा.

ढीग आणि पलटी

ढीग साधारण दीड मीटर रुंद आणि तेवढाच उंच, बाजू जरा दाबलेल्या, मधला भाग सैल. यात कुणीही बाहेरून आग लावत नाही तरी दोन-तीन दिवसांत मधे हात घालवत नाही इतकं तापतं, ही सगळी ऊब सूक्ष्मजीवांच्या श्वासाची. आधी साध्या तापमानातले जिवाणू ४५ अंशापर्यंत नेतात आणि तिथे स्वतःच मागे पडतात, मग उष्णताप्रेमी मंडळी ताबा घेतात आणि ७०-८० अंशापर्यंत चढवतात. एवढ्या तापमानाला बहुतेक जिवाणू सुद्धा थांबतात आणि पुढचं काम रसायनांचं होतं, साखर जळून काड तपकिरी होतं, मऊ पडतं.

ढीग मधोमध कापून बघा एकदा, पुस्तकापेक्षा जास्त शिकाल. बाहेरचा थर गार आणि कोरडा. त्याच्या आत वितभर अंतरावर पांढरा पट्टा, पीठ शिंपडल्यासारखा, तो ॲक्टिनोमायसिट्सचा, त्यांना ४५ ते ५५ अंश मानवतं. त्याच्या आत वाफाळलेला गडद गाभा. आणि अगदी तळाशी मधोमध, हवा पोचत नाही तिथे, पिवळट-हिरवट, ओला, आंबट वासाचा गोळा. पलटी द्यायची ती या चारही थरांना आळीपाळीने गाभ्यात जायला मिळावं म्हणून, म्हणजे बाहेरचं आत, आतलं बाहेर, तळाचं वर, आणि कोरडं दिसेल तिथे पाणी. नुसता फावड्याने ढीग एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवला तर त्याला पलटी म्हणत नाहीत. तळाचा आंबट गोळा मोठा निघाला तर पाणी जास्त झालंय किंवा ढीग फार दाबलाय, तो फोडून मोकळा करा आणि वरच्या बाजूला घ्या.

जिप्सम साधारण तिसऱ्या पलटीच्या आसपास घालतात. त्याने चिकटपणा जातो, काड्यांमधे फटी राहतात, आणि फटी म्हणजे हवा, हवा म्हणजे आपले जिवाणू जिवंत. जिप्सम महाग वाटतं म्हणून अर्धं घालणारे बघितलेत मी, कृपा करून तसं करू नका.

पाश्चरायझेशनची खोली किंवा टनेल, म्हणजे माल ठरावीक तापमानाला तापवून जंतू मारायची बंदिस्त जागा, नसेल तर लांब पद्धत आहे, सुमारे २८ दिवस आणि सात-आठ पलट्या, सगळं काम ढिगातच. होतं, पण सूक्ष्मजीवांवर तुमचा ताबा कमी राहतो आणि रोग जास्त येतात. छोट्या पद्धतीत ढिगाचं काम दहा-बारा दिवसांत उरकून माल खोलीत जातो. ही पद्धत सिंडेन आणि हाऊझर या दोघांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली आणि आज जगभरचा मोठा धंदा त्यावरच चालतो.

खोलीतले सहा-सात दिवस, इथे घाई केली की गेलं

माझ्या मते सगळं पीक इथेच ठरतं म्हणून जरा सावकाश लिहितो. खोलीत दोन वेगळी कामं असतात आणि लोक ती एकच समजतात. पहिलं पाश्चरायझेशन, माल आणि खोलीतली हवा दोन्ही ५८ ते ६० अंशाला सहा ते आठ तास, त्यात माश्यांची अंडी-अळ्या, सूत्रकृमी, रोगट बुरश्यांचे बीजाणू मरतात. दुसरं कंडिशनिंग, ताजी हवा देऊन तापमान हळूहळू ४५ ते ४८ अंशावर आणायचं आणि अमोनिया संपेपर्यंत, बहुतेकदा चार-पाच दिवस, तिथेच धरून ठेवायचं.

या ४५ अंशाच्या आसपास एक बुरशी जोरात वाढते, तिचं नाव सायटॅलिडियम थर्मोफिलम, आता तिला मायकोथर्मस थर्मोफिलस पण म्हणतात. वरती सांगितलेल्या करड्या ठिपक्यांत हीच मुख्य असते. नेदरलँड्समधे १९९० च्या आसपास यावर भरपूर काम झालं. ही बुरशी वाढलेल्या कंपोस्टमधे बटनचं मायसेलियम जवळपास दुप्पट वेगाने धावतं आणि उत्पादनही ती न घातलेल्या पाश्चराइज्ड मालापेक्षा दुपटीच्या आसपास मिळालं. पुढे बटनचं मायसेलियम तिच्यावरच चाल करून तिला संपवतं, म्हणजे आधी ती अमोनिया खाऊन जागा साफ करते आणि मग स्वतः अन्न होते. तिच्या जोडीला ॲक्टिनोमायसिट्स आणि बॅसिलससारखे जिवाणू असतातच, पण या दिवसांत मी मनातल्या मनात हिलाच सांभाळत असतो.

आता यावरून तापमानाचं गणित बघा. ५८-६० ला ही मंडळी बऱ्यापैकी तग धरतात, त्याच्या बरंच वर गेलं की तीसुद्धा मरतात. माझी एक बॅच अशीच गेली. आधीच्या पिकाला माश्यांचा फार त्रास झाला होता म्हणून मी ठरवलं यावेळी चांगलं शिजवूनच काढू, दारं-खिडक्या घट्ट लावल्या, ताज्या हवेची फट पण बंद केली, आणि रात्रभर माल ६५ च्या पुढे राहिला. सकाळी दार उघडलं तर वास नेहमीचा नव्हता, गुदमरलेला, जड. त्यानंतर ४७ ला आणून पाच दिवस ठेवला तरी एक पांढरा ठिपका दिसेना आणि अमोनिया हटेना. तरी स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, टाकला, कारण स्पॉन येऊन पडला होता. दोन आठवड्यांत काडांवर मोहरीहून बारीक, ऑलिव्ह-हिरवे काटेरी दाणे दिसायला लागले, तो कीटोमियम, ऑलिव्ह ग्रीन मोल्ड, हवा कमी पडलेल्या आणि जास्त तापलेल्या कंपोस्टचा ठरलेला पाहुणा. बटनचं मायसेलियम त्याच्या आसपास पातळ, जाळ्यासारखं राहिलं. जंतू मारायच्या नादात मी कामगारच मारले होते. तेव्हापासून थोडी ताजी हवा कायम चालू, पाश्चरायझेशनच्या तासांत सुद्धा, आणि थर्मामीटर एक नाही तर तीन-चार, मालाच्या मधे, कडेला, वरती आणि खोलीच्या हवेत.

अमोनिया १० पीपीएमच्या खाली आल्याशिवाय स्पॉन टाकायचा नाही. नाकावर भरवसा ठेवू नका, खोलीत पाच मिनिटं थांबलं की नाक सरावतं आणि वास गेला असं वाटतं. अमोनिया मोजायच्या गॅस ट्यूब मिळतात त्या घ्या, आणि त्या नसतील तर निदान बाहेर मोकळ्या हवेत दहा मिनिटं फिरून या, मग मालाच्या मधोमधची मूठ काढून नाकाजवळ न्या. तेव्हा जरासं जरी झोंबलं तरी अजून एक दिवस द्या. तयार मालाला मातीसारखा, किंचित गोडसर वास येतो. आकड्यात सांगायचं तर ओलावा ६५ ते ६८ टक्के, पीएच ७.२ ते ७.५, नायट्रोजन २.२ ते २.५ टक्के, कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर १६-१७ च्या आसपास. मूठ दाबली की आता थेंब पडत नाही, फक्त तळवा ओलसर होतो.

काही जण अमोनिया लवकर घालवायला पंखे फुल सोडून माल गार करतात. वास कमी होतो हे खरं, पण अमोनिया हवेत उडून गेला तर तो नायट्रोजन तुमच्या हातचा गेला, आणि ४० च्या खाली बराच वेळ माल राहिला तर उष्णताप्रेमी थंडावतात आणि साखरा तशाच उरतात, मग त्या कोण खाणार ते वेगळं सांगायला नको. अमोनिया उडवून लावण्यापेक्षा तो सूक्ष्मजीवांच्या पोटात जाऊ द्या. ते झालं की मात्र माल झटपट २५ अंशावर आणा.

एक तब्येतीचं. या ॲक्टिनोमायसिट्सचे बीजाणू स्पॉन मिसळताना ढगासारखे उडतात आणि वर्षानुवर्षं श्वासात गेले तर फुप्फुसांचा कायमचा आजार होऊ शकतो, मशरूम कामगारांच्या फुप्फुसाचा आजार म्हणूनच तो ओळखला जातो. चांगला मास्क लावा, साधा रुमाल पुरत नाही. कामाला बाया-माणसं असतील तर त्यांनाही द्या.

स्पॉन टाकल्यावर

ओल्या कंपोस्टच्या ०.५ ते ०.७ टक्के स्पॉन, म्हणजे १०० किलोला ५०० ते ७०० ग्रॅम. हात, अवजारं, जमीन सगळं स्वच्छ, कारण आता बाहेरचे सूक्ष्मजीव नकोत, आतले पुरेत. पुढचे १२ ते १५ दिवस मालाचं तापमान २३ ते २५. इथे लक्षात ठेवायचं की खोलीचं तापमान आणि पिशवीच्या पोटातलं तापमान एक नसतं, माल स्वतः ऊब सोडतो आणि आत दोन-चार अंश जास्त असतं. पोटात ३० च्या पुढे गेलं की मायसेलियम दुखावतं आणि झोपलेले उष्णताप्रेमी परत जागे व्हायला लागतात, माल आणखी तापतो, आणखी जागे होतात, आणि हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवणं फार अवघड. पिशव्या एकमेकींना खेटून ठेवू नका.

केसिंगमधले जिवाणू वेगळेच

पांढरं मायसेलियम पूर्ण पसरलं की वरून ३-४ सेंटिमीटर केसिंगचा, म्हणजे झाकायच्या मातीचा, थर. आता हे वाचून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं की पूर्ण निर्जंतुक केसिंगवर बटनला पिनहेड, म्हणजे मशरूमच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या, धरतच नाहीत किंवा नावापुरते धरतात. मायसेलियम स्वतःच काही वायू सोडतं, त्यातला ऑक्टेनॉल नावाचा, मशरूमचा जो ओळखीचा वास आहे ना तोच, पिनहेडला रोखून धरतो. केसिंगमधला स्यूडोमोनास पुटिडा आणि त्याचे भाऊबंद हे रोखणारे पदार्थ खाऊन टाकतात आणि मग मायसेलियमला मशरूम करायची मोकळीक मिळते. निर्जंतुक केसिंगमधे ॲक्टिव्हेटेड कोळसा घातला तरी पिनहेड येतात, कारण कोळसा तेच वायू शोषून घेतो. म्हणून केसिंग ६० ते ६५ अंशाला सहा-आठ तास पाश्चराइज करा, पण उकळू-भाजू नका. वाफेचा पाइप सोडून रात्रभर विसरलेली केसिंग माती दिसायला छान काळीभोर दिसते, पिनहेड मात्र वेळेवर देत नाही.

केसिंगवर मायसेलियम दिसायला लागलं की तापमान १६ ते १८, भरपूर ताजी हवा देऊन कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या खाली, आर्द्रता ८५ ते ९० टक्के.

त्याच स्यूडोमोनास घराण्यातला टोलासी नावाचा जिवाणू मात्र टोपीवर तपकिरी, ओलसर डाग पाडतो. तो जवळपास सगळीकडे असतोच, त्याला हवं असतं ते टोपीवर तासन्‌तास टिकलेलं पाणी. पाणी मारल्यावर दोन-तीन तासांत टोप्या कोरड्या व्हायला हव्यात एवढी हवा खेळती ठेवा, आणि संध्याकाळी उशिरा पाणी मारून दारं लावून घरी जाऊ नका.

काय उगवलं त्यावरून काय चुकलं ते ओळखा

काळ्या पडून शाईसारख्या वितळणाऱ्या बारीक छत्र्या आल्या तर अमोनिया उरला होता, कंडिशनिंग लवकर आटोपलं. छत्र्या उपटून टाका, थोड्या असतील तर पीक येतं. आधी पांढरी आणि मग गर्द हिरवी बुरशी, ट्रायकोडर्मा, आली तर पाश्चरायझेशन अर्धवट झालंय, साखरा उरल्यात किंवा स्पॉन टाकताना स्वच्छता चुकली, ती पिशवी सरळ बाहेर काढा, तिथल्या तिथे खरवडत बसलात तर बीजाणू सगळ्या खोलीत जातात. तपकिरी पावडरीचे चट्टे म्हणजे माल जास्त ओला आणि हवा कमी. मशरूमचे बेढब, ओले, कुजके गोळे झाले तर बहुतेक मायकोगोन बुरशीचा रोग, तो कंपोस्टचा नाही, केसिंगचा दोष, कंपोस्टला शिव्या देऊ नका.

पीक संपलं की खोली रिकामी करायच्या आधी जुन्या मालासकट ६५-७० अंशाला आठ-दहा तास वाफ द्या, आणि मग तो माल नव्या काडापासून जितका लांब नेता येईल तितका लांब न्या, वाऱ्याची दिशा बघून. जुनं कंपोस्ट बागेला उत्तम आहे, पण नव्या ढिगाशेजारी त्याची एक टोपली सुद्धा नको, आणि जुना माल उचललेलं फावडं धुतल्याशिवाय नव्या ढिगाला लावू नका.